छोटीला सांगायचं नाही

आमच्या घरात दोघी बहिणींचा आवाज एकच होता. चेहरे वेगळे, स्वभाव तर अगदी उलटे, पण आवाज एका साच्यातला. फोनवर कुणीही फसायचं. दादा आमचा सख्खा भाऊ, पण तोही 'कोण, मोठी की छोटी?' असं विचारल्याशिवाय पुढं बोलायचा नाही. आई मात्र म्हणायची, 'मी कधीच फसत नाही.' आम्ही ते मान्य करून टाकलं होतं, कारण आईशी वाद घालून आमच्या घरात आजवर कुणी जिंकलेलं नाही.

छोटी म्हणजे मी. माझं पोट आवाजावरच चालतं. 'कृपया दारापासून दूर उभे राहा' असं लिफ्टमध्ये सांगते ती बाई मीच. दवाखान्यात 'पुढचा नंबर' म्हणून हाक मारते तीही मीच. सगळं गाव तुझं ऐकतं, घरात मात्र कुणी ऐकत नाही, असं ताई चिडवायची. सध्या आम्ही अंधांसाठी बोलता शब्दकोश करतोय. शब्द वाचायचा, अर्थ वाचायचा, मग वाक्यात उपयोग. भिंतींना जाड फोम, दार बँकेच्या तिजोरीसारखं जड, समोर माईक आणि त्याच्यापुढं श्वास अडवणारी जाळी. काचेपलीकडं ध्वनिमुद्रक बसतो. त्याला सगळे पुन्हासाहेब म्हणतात. कितीही जीव ओतून वाचा, हेडफोनमधून त्याचा एकच शब्द येतो, 'पुन्हा.'

रोजचं काम संपलं की पुन्हासाहेब खोलीची शांतता टिपून घेतो. दोन शब्दांमधली जागा भरायला ती लागते. तेव्हा मी माईकसमोर हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं असायचं. रिकाम्या खोलीची शांतता चालत नाही म्हणे. माणूस आत असलं की शांततेला जरा ऊब येते, असं त्याचं म्हणणं. मला वाटायचं, हा आपला थापा मारतोय.

ताई दुसऱ्या गावात एकटीच राहायची. तिथल्या नकाशांच्या कचेरीत नोकरी होती तिची. आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती रजा काढून आली, आईला घरी आणेपर्यंत थांबली आणि परत गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. आईच्या उशाशी जुना फोन आहे, कोण बोलतंय ते दाखवणारा नव्हे. ताई दोनदा घंटी वाजवून ठेवून द्यायची आणि थोड्या वेळानं पुन्हा लावायची. आईला उठून बसायला, पदर नीट करायला वेळ मिळावा म्हणून. फोनवर पदर कोण बघतंय, असं मी म्हटलं की दोघींनाही माझी कीव यायची.

मग एका सकाळी कचेरीत नकाशावर वाकलेली असताना ताईच्या डोक्यातली शीर फुटली. दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली. निरोप दादाला आला. त्यानं मला कामावरून उचललं, शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलं आणि काहीतरी सबब सांगून आम्ही दोघं ताईच्या गावी गेलो. तिला पोचवलं. मी तिची चप्पल पिशवीत घालून आणली. ती का आणली ते मला आजही सांगता येणार नाही.

परतताना दादानं निर्णय जाहीर केला. दादाचं औषधाचं दुकान आहे. जगातली प्रत्येक गोष्ट डोस बघून द्यावी असं त्याला वाटतं, आणि खरं बोलणंही त्यातच आलं. आईला धक्का सोसायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय, ती खडखडीत बरी झाली की सांगू. मी विचारलं, आणि संध्याकाळच्या फोनचं काय? दादा गाडी चालवत होता. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तुझा आवाज आहे ना."

मी नाही म्हणायला हवं होतं, असं आता कुणी म्हणेल. पण तेव्हा आईचं काळीज आमच्या हातात होतं, आणि ते हातातून पडू नये एवढंच दिसत होतं. दादा घरी गेला आणि मी थेट स्टुडिओत. त्या जड दारामागं उभी राहून मी दोन घंट्या वाजवल्या, ठेवून दिला, थांबले, पुन्हा लावला.

"जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का?" ताईची सुरुवात हीच असायची.

पलीकडं आईनं एवढा मोठा श्वास सोडला की मी फोन कानापासून लांब धरला. "तूच ना गं, मोठे?" ती म्हणाली. "तूच बोलतेयस ना?" मी हो म्हटलं. ती रडायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, आवाज ऐकून बरं वाटलं.

त्या वेळी मला वाटलं, चला, जमलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. फोन ठेवल्यावर रडून रडून माझा घसा बसला होता, आणि ते बरंच झालं. आत्ताच फोनवर ऐकलेला आवाज पुन्हा दारातून आला असता तर आईला संशय आला असता. म्हणून मी हळू, घोगरं बोलले. आई पलंगावर बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आकारानं कळतं तेवढंच. ती माझ्याकडं बघत राहिली. मी जवळ जायला लागले तशी मागं सरकली, भिंतीला टेकली, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "आलीस? ये हो, ये." पाहुण्यांना म्हणावं तसं.

त्या दिवसापासून हेच चालू झालं. संध्याकाळी मी ताई व्हायचे आणि घरी येऊन बसक्या घशाची छोटी. घसा बरा झाल्यावरही तो बसलेलाच ठेवावा लागला. घरात मी कुजबुजायचे, तेही जेमतेम. आईसमोर दादाशी तर बोलतच नसे. तोंडातून काही निसटेल या भीतीनं आम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं होतं, त्या खोलीत एकमेकांकडं बघायचंसुद्धा नाही. जे काय बोलायचं ते स्वयंपाकघरात, नळ सोडून. भूक मेली होती, त्यामुळं आईसमोर ताट घेऊन बसणंही बंद झालं. या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही, याचा आम्हाला चांगलाच सराव झाला.

आणि आई बदलली. फोनवर ताईशी बोलताना पूर्वीचीच, हट्टी, थट्टेखोर, काकूंच्या चहाला नावं ठेवणारी. माझ्याशी मात्र जपून बोलायची. मला एकही काम सांगेना. 'जेवलीस का' हा प्रश्न जन्मभर तिच्या ओठांवर होता, तो तिनं मला विचारायचाच सोडला. मी उशी नीट करायला हात पुढं केला की अंग चोरायची. मी खोलीत चालत असले की माझ्या पायांकडं डोळे बारीक करून बघायची. एकदा काकूंना सांगून तिनं समोरच्या भिंतीवरचा आरसा काढायला लावला. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "डोळ्यांना त्रास होतो." अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांना आरशाचा कसला त्रास ते मला कळेना.

रात्री तिचं दार किलकिलं असायचं, खिडकीही. वाऱ्यानं खोकला येईल म्हणून मी बंद केली की सकाळी उघडी दिसायची.

मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, वाईट नाही, राग यायचा. लहानपणापासून ताई आईची लाडकी, हे तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा सांगेल. पण आता ताई नव्हती. आता जे लाड चालले होते ते माझ्याच कानात ओतले जात होते, पण माझे म्हणून नव्हे. "जपून राहा गं, राणी," आई फोनवर म्हणायची, आणि मी फोमच्या भिंतीला कपाळ टेकून म्हणायचे, "हो आई." मग घरी यायचे आणि तीच आई माझ्यापासून भिंतीकडं सरकायची. मेलेल्या बहिणीचा हेवा करणारी मीच पहिली नसेन, पण तिच्या वाट्याचं प्रेम तिच्याच आवाजात बसून खाणारी मात्र मी एकटीच असेन.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, आजारपणात माणूस चिडचिडं होतं, औषधांचाही परिणाम असतो. पण आई चिडचिडी झालीच नव्हती. ती माझ्याशी इतकी गोड वागत होती की अंगावर काटा यावा.

स्टुडिओत आम्ही 'ग'वर होतो. गुच्छ, गुडघा, गुपचूप, गुपित झाले आणि त्या दिवशी पुढचा शब्द आला. मी वाचलं, "गुप्तता. नाम, स्त्रीलिंगी. एखादी गोष्ट इतरांना कळू न देण्याची स्थिती किंवा दक्षता. वाक्यात उपयोग: या प्रकरणात संबंधितांनी कमालीची गुप्तता पाळली." पुन्हासाहेब म्हणाला, "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. परत "पुन्हा." प्रत्येक वेळी 'संबंधितांनी'पाशी माझा आवाज हलत होता. मला त्या वाक्याची चीड आली. हे संबंधित कोण? गुपित एकट्याचंही असू शकतं, पोटात घालून माणूस मोकळं होतं. गुप्ततेला मात्र कुणीतरी दुसरं लागतं, ज्याला कळू द्यायचं नाही असं. त्या दुसऱ्याबद्दल कोशात एक अक्षर नव्हतं. तो बिचारा काय करतो दिवसभर? नुसता बसून राहतो, की त्यालाही काही पाळावं लागतं?

वाक्य कसंबसं झालं. पुन्हासाहेब चहाला गेला. मी ताई होऊन फोन लावला. दोन घंट्या, मग पुन्हा. जेवण, गोळ्या, काकू, सगळं नेहमीचं झालं. आणि त्या दिवशी माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. ताईच्या आवाजात मी विचारलं, "आई, छोटी कशी आहे?"

यापूर्वीही एकदा-दोनदा विचारलं होतं. 'आहे' एवढंच म्हणून आई विषय बदलायची. त्या दिवशी तिनं विषय बदलला नाही. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "तुझ्याजवळ कुणी आहे का?"

"नाही."

"दार लावून घे."

लावलंय, म्हटलं.

"मग ऐक. पण छोटीला सांगायचं नाही. दादालाही नाही. शपथ घे." मी घेतली. "मला सगळं माहीत आहे गं. तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी रागावलेली नाही. छोटी गेली ते मला माहीत आहे."

माझ्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. जाड गालिच्यावर तिचा आवाजही झाला नाही.

आई सांगत गेली. तिला कुणाला तरी सांगायचंच होतं, इतके दिवस तिनं एकटीनं सांभाळलं होतं. त्या सकाळी ती झोपलेली नव्हती. दादा बाहेरच्या बोळात फोनवर कुणाला तरी सांगत होता, बहीण गेली आमची, आईला इतक्यात कळता कामा नये. एवढंच तिनं ऐकलं. कुठली बहीण ते ऐकलं नाही. दोन दिवस ती काकूंसमोर हसत राहिली आणि मनात एकच घोकत राहिली, कुठली. विचारायची हिंमत नव्हती. न विचारता दोघी अर्ध्या-अर्ध्या तरी जिवंत होत्या. मग संध्याकाळी दोन घंट्या वाजल्या आणि ताईचा आवाज आला.

"तुझा आवाज ऐकला आणि कळलं मला," आई म्हणाली. "रडले मी. तू आहेस म्हणून, आणि ती नाही म्हणून. आणि मोठे, त्याच दिवशी दिवे लागल्यावर ती दारात आली."

"कोण?"

"छोटी. नेहमीसारखी, पर्स खांद्याला. मी ओरडणार होते. पण ती इतकी सहज आत आली ते बघून वाटलं, हिला कुणी सांगितलेलंच नाही. तिला माहीतच नाही. बोलते तर धड आवाज नाही. काही खात नाही, पीत नाही. दादा समोर असला तरी तिच्याशी बोलत नाही, बघतसुद्धा नाही, त्याला दिसतच नाही ती. रोज येते. माझी उशी नीट करायला बघते. आरसा काढून टाकला मी, त्यात बघायला गेली आणि काही दिसलं नाही तर? कळलं तर यायची बंद होईल गं. म्हणून सगळ्यांनी जपायचं. तिला कळता कामा नये."

ताईचा आवाज काढायचं मी विसरून गेले होते. तसा वेगळा काढावा लागतच नव्हता म्हणा. मी म्हटलं, "आई, अगं काय बोलतेस हे. छोटी जिवंत आहे. चांगली धडधाकट आहे."

आई एकदम सावध झाली. तिचा आवाज आणखी खाली गेला. "तिथं आली आहे का ती?" तिनं विचारलं. "तुझ्याजवळ? म्हणून असं बोलतेयस का? नुसतं हो किंवा नाही म्हण."

मी समोर बघितलं. काचेत माझं प्रतिबिंब होतं, कानाला फोन लावलेलं.

"हो," म्हटलं.

"मग ठेव आता. आणि तिच्याशी मायेनं बोल. तू तिला फार चिडवायचीस."

पुन्हासाहेब चहा घेऊन परत आला, काचेपलीकडं बसला. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं खूण केली, शांतता घेऊ या. मी माईकसमोर उभी राहिले. हलले नाही, श्वासही आवरून धरला. थोड्या वेळानं हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "बाई, आत आहात ना?" मी मान वर केली. तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत होता, माझ्याकडं नाही. म्हणाला, आजची शांतता रिकाम्या खोलीसारखी येतेय, जरा जवळ उभ्या राहा. मी जाळीला नाक टेकेपर्यंत जवळ गेले. तो म्हणाला, "पुन्हा."

रस्त्यानं चालताना मी मुद्दाम लोकांना धक्के दिले. एका गृहस्थानं 'दिसत नाही का' असं खेकसून विचारलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी त्याचे आभार मानले. हसण्यासारखं आहे, पण त्या दिवशी खरंच तशी वेळ आली होती.

ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. आई वाचावी म्हणून आम्ही हे मांडलं होतं, आणि आई मला जिवंतपणी पुरून बसली होती. ती धक्क्यानं गेली तर? हा प्रश्न प्रत्येक पायरीवर होता. पण मला माझी आई परत हवी होती. तिनं मला 'जेवलीस का' विचारावं एवढंच मला हवं होतं. त्यासाठी ताईला मारणं भाग होतं, आणि ताई तर आधीच गेली होती.

अजून उजेड होता. तरी मी खोलीतले सगळे दिवे लावले. घसा मोकळा केला. किती दिवसांनी त्या घरात मी माझ्या पूर्ण आवाजात बोलले. "आई, मी छोटी. नीट बघ माझ्याकडं. मला काही झालेलं नाही. गेली ती ताई."

आईचा चेहरा हलला नाही. एखाद्या आजाऱ्याची समजूत घालावी तसं ती म्हणाली, "बस, बस. दमली असशील." मग अगदी हळूच, "मोठीशी आत्ताच बोलले मी."

"ती मी होते. रोज मीच असते. स्टुडिओतून फोन करते. दादानं सांगितलं म्हणून."

ती मान हलवत राहिली. मी तिचा हात धरला. तिनं सोडवायला बघितलं, मी सोडला नाही. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का? दूध टाकून दिलं नाहीस ना, राणीसारखं तोंड वाकडं करून?"

हे ताईचंच बोलणं होतं, ताईच्याच चालीत. दुसरं कुणी असं बोलूच शकलं नसतं.

आई थिजली. मी तिच्या नाडीवर अंगठा ठेवला होता, जमेल तेवढा घट्ट. तिच्या तोंडाकडं बघताना मला वाटलं, पटलं हिला. आता ती किंचाळेल, ताईसाठी रडेल, आणि मग मला जवळ घेईल. काहीही झालं तरी मी इथंच आहे. डोळे आवळून मी वाट बघत राहिले.

"कधी गेलीस गं, मोठे?" आई म्हणाली.

मी डोळे उघडले. ती माझ्याकडं बघत होती, पण नजर माझ्या खांद्यामागं कुठंतरी.

"तरीच म्हणत होतीस, छोटी जिवंत आहे, धडधाकट आहे. तरीच तुझ्याजवळ यायची ती. तुम्ही दिसता एकमेकींना." तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "म्हणजे दोघीही."

मी नाही म्हणत राहिले. आई, मी आहे, मी आहे, एवढंच म्हणत राहिले, आणि ते ज्या आवाजात म्हणत होते तो दोघींचा होता. मी जितकं बोलत गेले तितकी आम्ही दोघी गेल्याची तिची खात्री पटत गेली. शेवटी मी गप्प झाले.

आई रडली, पण मी घाबरले होते तशी नाही. नाडी जलद झाली आणि हळूहळू जागेवर आली. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला, गालावरून फिरवला, बोटं एकेक चाचपली. "गार पडलाय गं हात," ती म्हणाली आणि पदरात गुंडाळून चोळायला लागली. मी लहान असताना तापात आई असं करायची. त्यानंतर कधी केल्याचं मला आठवत नाही. मला भडभडून आलं. इतकी माया मला कधीच मिळाली नव्हती, आणि ती मी मेले म्हणून मिळत होती.

बाहेर कुलपाचा आवाज झाला. दादा आला. माझ्या मनात आलं, आता सुटले. हा येईल, याला सगळं दिसेल, हा सांगेल. मी उठायला गेले, पण आईनं हात घट्ट धरून ठेवला.

"त्याला कळता कामा नये," ती माझ्या कानात म्हणाली. "तू गेलीस हे अजून त्याला माहीत नसेल. दोघी बहिणी गेल्याचं कळलं तर त्याचं काय होईल? मी त्याची आई आहे. मला हे पेललं पाहिजे."

दादा खोलीत आला. आईसमोर माझ्याकडं बघायचं नाही, ही आमची बोली होती, आणि दादा बोलीचा पक्का. गोळ्या काढून त्यानं उशाशी ठेवल्या, पाण्याचा पेला झाकला. एवढे दिवे कुणी लावलेत, असं पुटपुटून दोन बंद केले. मी तोंड उघडलं होतं. एक शब्द पुरला असता. पण आईचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तो चेहरा घाबरलेला नव्हता. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि ती त्यातून जगली होती. आता मी दादाच्या तोंडून मला जिवंत करून घेतलं असतं, तर ताई तिच्यासाठी पुन्हा एकदा मेली असती, आणि इतके दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून तिला फसवलं हे तिच्या पदरात पडलं असतं. ते काळीज किती वेळा टाकून बघायचं?

मी तोंड मिटलं.

"ताईचा फोन आला का?" दादानं विचारलं. रोज विचारायचा.

"आला," आई म्हणाली. आवाज स्वच्छ, एकदम ठणठणीत. "मजेत आहे. तुझी चौकशी करत होती."

दादाला बरं वाटलं. मला दिसलं ते. आज आईची तब्येत छान दिसतेय, असं म्हणत तो आत गेला, आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला. मला बोलवायची ती खूण होती. मी गेले नाही.

"पाहिलंस?" आई कुजबुजली. "त्याला काही दिसलं नाही."

मग ती भिंतीकडं सरकली. या वेळी माझ्यापासून दूर जायला नव्हे, जागा करायला. पलंगावर दोघींना पुरेल एवढी जागा तिनं केली आणि हातानं चादर सारखी केली.

मी एका कडेला बसले, आणि उरलेली जागा ताईसाठी सोडली.